दहा बाय चार

गेल्या महिन्यातली गोष्ट. लाँगब्रिजच्या सुपरमार्केटमधून दोन पिशव्या घेऊन बाहेर आले, तर माझ्या गाडीला लागून एक नवीकोरी मिनी उभी होती. गडद हिरवी, पांढऱ्या टपाची, कंट्रीमन म्हणतात ती मोठी. माझी मिनी १९६२ची. नाव एकच, पण शेजारी शेजारी उभ्या राहिल्यावर माझ्या गाडीचा टप तिच्या खिडकीच्या मध्यावरच संपत होता. तिच्या मागच्या दारातून पाच-सहा वर्षांचा एक मुलगा उडी मारून उतरला, माझ्या गाडीपाशी येऊन थबकला आणि आईला ओरडून म्हणाला, "मम, बघ ना! कुणीतरी आपल्या गाडीची नक्कल केलीय. एवढुश्शी!" आई ओशाळली, "सॉरी" म्हणाली. मीही "असू दे, लहान आहे" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले, पिशव्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि निघाले. घरी येऊन दूध फ्रिजमध्ये ठेवताना लक्षात आलं की अंडी घ्यायची राहिलीच, आणि वाटभर मी एकच शब्द घोळवत होते.

नक्कल.

त्या मुलाचा काहीच दोष नाही. त्याच्या जन्मापासून त्याने मिनी म्हणून जी पाहिली ती मोठीच. पण बोलला कुठे, तर लाँगब्रिजला! ते सुपरमार्केट, त्याच्या बाजूची दुकानं, कॉलेज, नव्या घरांच्या रांगा, हे सगळं जिथे उभं आहे ती मोटारींच्या कारखान्याची जमीन. हर्बर्ट ऑस्टिनने १९०५ साली एका बंद पडलेल्या छापखान्यात हा कारखाना सुरू केला आणि पुढची शंभर वर्षं बर्मिंगहॅमचा हा कोपरा त्याच्या भोंग्यावर जगला. इथले जुने लोक कारखाना म्हणतच नाहीत, 'द ऑस्टिन' म्हणतात. 'माझा बाप ऑस्टिनला होता' म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. आपल्याकडे लालबाग-परळात 'मिलमध्ये होते' म्हटल्यावर विचारत नसत, तसं. १९५९च्या ऑगस्टमध्ये मिनी बाजारात आली ती इथून आणि ऑक्सफर्डजवळच्या काउलीहून. २०००च्या ४ ऑक्टोबरला शेवटची बाहेर पडली ती इथूनच. मधल्या एक्केचाळीस वर्षांत ५३ लाखांच्या वर मिनी बनल्या. माझी त्यातलीच एक, आणि त्या दुपारी ती आपल्या जन्मखोलीपासून हाकेच्या अंतरावर उभी होती.

मी इथे आले १९८८च्या सप्टेंबरात, गिरगावातून थेट. ह्यांची नोकरी हॉस्पिटलात, रात्रपाळ्या, आणि मी दिवसभर खिडकीतून ओला रस्ता बघत बसलेली. शेजारी एक आजोबा राहायचे. पत्नी वारलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. तीस-एक वर्षं ऑस्टिनला काढून निवृत्त झालेले. बर्मिंगहॅमची माणसं बायाबापड्यांना लाडाने 'बॅब' म्हणतात. एकदा कुंपणावरून ते मला म्हणाले, "बॅब, गाडी शिक. या देशात पाऊस थांबायची वाट बघशील तर म्हातारी होशील." आणि शिकवायला त्यांनी गॅरेजमधून जी काढली ती ही मिनी. त्यांनी ती कारखान्यात असतानाच घेतली होती. फिकट करडी, पुढे हसऱ्या मिशीसारखी जाळी, दारांच्या बिजागऱ्या बाहेर, पत्र्याच्या शिवणीही बाहेरच. कपडा उलटा घातल्यासारखी दिसायची मला. मी मनात म्हटलं, हिच्यात आजोबा तरी मावतात का?

आत बसले मात्र, आणि मला एकदम आमची खोली आठवली.

गिरगावातली आमची खोली दहा बाय बाराची, आणि माणसं सात. आजी, आई-बाबा, काका, आम्ही तीन भावंडं. तिथे रिकामी जागा अशी नव्हतीच, पण अडचण झाल्याचंही आठवत नाही, कारण प्रत्येक वस्तूच्या जागेचा कुणीतरी विचार केलेला होता. पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्यांच्या वळकट्या, दारामागे छत्र्यांची खुंटी. भिंतीला बिजागरीने लावलेली एक फळी, जी अभ्यासाला उघडायची आणि जेवणाआधी मिटायची. बाबा छापखान्यात होते, सुतारकाम त्यांचं नव्हे. पण मोरीच्या वर त्यांनी स्वतः एक फडताळ ठोकलं होतं. त्याआधी आईच्या लोणच्याच्या बरण्या त्यांनी सुतळीने मोजल्या. सगळ्यांत उंच बरणीच्या झाकणावर दोन बोटं ठेवून तिथे सुतळीला गाठ मारली. ती दोन बोटं कशाला, म्हणून मी विचारलं. म्हणाले, बरणी काढताना आईचा हात आत जायला नको का?

त्या मिनीच्या दारात मला ती दोन बोटं सापडली. दार पत्र्याच्या एकाच पदराचं आणि काचा सरकत्या, खाली उतरणाऱ्या नाहीत. काच खाली उतरत नसली की दाराच्या पोटात यंत्र लागत नाही, आणि यंत्र नसलं की ते पोट मोकळं. तिथे त्यांनी एक खोल, लांब कप्पा केला आहे. त्यात काय काय राहतं म्हणून सांगू! छत्री, थर्मास, नकाशा, बाळाच्या दुधाची बाटली, कांद्यांची जुडी. या कप्प्याचं माप गाडी बनवणाऱ्याने आपल्या आवडत्या मद्याच्या बाटल्यांवरून ठरवलं असं इथले लोक हमखास सांगतात. असेलही. दार आतून उघडायला मूठ नाही, एक दोरी ताणलेली आहे, ती ओढायची. स्पीडोमीटर मधोमध, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इकडून तिकडे गेलेली सरळ फळी. मागच्या सीटखालीही जागा, पुढच्या सीटखालीही जागा. मी त्या फळीवर हात फिरवला आणि मला त्या गारठ्यात, आल्यापासून पहिल्यांदा, आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. हे कुणीतरी दहा बाय बारात राहिलेल्या माणसासारखं योजलंय, असं माझ्या मनात आलं.

ते अगदीच चुकीचं नव्हतं, हे पुढे कळलं. अ‍ॅलेक इसिगोनिस हा तो माणूस. जन्म १९०६चा, स्मिर्नातला, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझ्मीर. वडील ग्रीक वंशाचे, आई जर्मन. १९२२च्या युद्धात ते शहर सोडून निघावं लागलं, वाटेत माल्टाला वडील गेले, आणि कोवळ्या वयात आईला घेऊन तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. गणितात तीनदा नापास झाला, पण हात असा की मनातलं यंत्र कागदावर जसंच्या तसं उतरायचं. १९५६ला सुएझ कालव्याचं प्रकरण झालं, पेट्रोलचं रेशनिंग आलं, रस्त्यावर जर्मनीच्या तीन चाकी बुडबुडा-गाड्या दिसायला लागल्या, तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी त्याला सांगितलं की खरीखुरी छोटी मोटार बनव, मात्र इंजिन आपल्याकडे आहे तेच वापर. त्याने आधी माणसं बसवली. दहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी पेटी धरली आणि त्या दहातले सहा फूट माणसांना देऊन टाकले. उरल्या चार फुटांत इंजिन बसेना, म्हणून ते आडवं केलं. गिअरबॉक्सला जागा उरेना, म्हणून तो इंजिनाच्या खाली त्याच तेलात बुडवला. चाकं आत घुसून माणसांचे पाय आखडू नयेत म्हणून अवघी दहा इंचांची करून घेतली. स्प्रिंगांना जागा नव्हती, तर अ‍ॅलेक्स मोल्टन या त्याच्या मित्राने रबराचे शंकू करून दिले. प्रत्यक्षात गाडी रुंदीला थोडी वाढली, पण लांबी दहा फुटांवर पाव इंच एवढीच. सुतळीला गाठ मारून घेतल्यासारखी.

इंजिन ८४८ सीसीचं, चौतीस घोड्यांचं. आपली मारुती ८०० आली तेव्हा तिचंही इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना होती. त्या मारुतीतून तुम्ही पाच जण, वर लग्नाचं सामान, अशा महाबळेश्वरला गेला असाल तर इसिगोनिसचं थोडं देणं तुमच्याकडेही लागतं. तो माणूस आयुष्याची बरीच वर्षं आईसोबत इथेच, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनमध्ये राहिला. १९८८च्या ऑक्टोबरात गेला. मी नुकतीच आले होते तेव्हा, आणि आमच्या घरापासून एजबॅस्टन बसने अर्ध्या तासावर. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. याची मला अजून चुटपुट लागते.

तर मी शिकले. चोक ओढायचा, दोन सीटांच्या मधे जमिनीवर एक बटण आहे ते दाबायचं, आणि गाडी आधी शहारते मग जागी होते. स्टेअरिंग जवळजवळ आडवं, एसटीच्या ड्रायव्हरसारखे दोन्ही हात त्यावर टेकवून बसायचं. पहिल्या गिअरात ती एक बारीक सूर लावते, दुसऱ्यात तो जरा वर चढतो. रस्त्यापासून आपण वीतभरच वर आहोत असं वाटतं. पांढरा पट्टा ओलांडला तर तो मांड्यांना कळतो. लिकी टेकड्यांच्या वळणांवर आजोबा म्हणायचे, ब्रेक नको, फक्त तिकडे बघ. आणि खरंच, जिकडे बघावं तिकडे ती वळायची. मी स्वतःच्या बळावर या देशात कुठेतरी निघाले आहे, ही जाणीव मला त्या टेकडीवर झाली. आत पेट्रोलचा, तापल्या तेलाचा आणि जुन्या रेक्झिनचा वास भरलेला असायचा. हा वास आजही आला की मी सव्वीस वर्षांची होते.

पावसाचं मात्र सांभाळावं लागतं. इंजिन आडवं केल्यामुळे ठिणग्यांसाठी वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर नेमका पुढच्या जाळीमागे आला आहे, आणि समोरच्या गाडीने उडवलेलं पाणी सरळ त्याच्यावर येतं. त्यावरचा इथला जुना घरगुती उपाय आजोबांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवला. भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा, बोटांची टोकं कापायची, एकेका बोटातून एकेक वायर ओवायची आणि मोज्याचा तळवा डिस्ट्रिब्यूटरवर ओढून घ्यायचा. गुलाबी मोजा होता, त्यांच्या पत्नीचा. पाचही बोटं पसरून तो हात इंजिनावर ठेवलेला असायचा. आज मी दरवर्षी पावसाळी दिवसांआधी नवा मोजा आणते आणि तो ओवताना दरवेळी मला मोरीवरचं फडताळ दिसतं.

आता नवी मिनी. तिच्याबद्दल मला आकस नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. बीएमडब्ल्यूने मिनी बनवणारी रोव्हर कंपनी विकली तरी मिनी हे नाव स्वतःकडे ठेवलं, २००१पासून काउलीला नवी मिनी बनवायला घेतली, आणि त्यामुळे आजही हजारो घरांची चूल पेटते. माझी लेक तीच चालवते. तिच्यात एअरबॅग आहेत, ती बर्फात सुरू होते, हीटर लावला की पाच मिनिटांत पाय ऊबदार होतात. रात्री लेक मोटरवेवरून एकटी येत असते तेव्हा ती जुन्या मिनीत नाही याचं मला बरंच वाटतं. माझ्या गाडीत तुमच्यात आणि समोरच्या ट्रकमध्ये असतो तो एक पत्रा, आणि तुमची नजर.

पण लेकीच्या गाडीत बसले की मी नकळत तो विचार शोधायला लागते आणि तो मला सापडत नाही. जुन्या गाडीत मधोमध गोल स्पीडोमीटर होता, कारण मग तीच गाडी डावीकडे स्टेअरिंग असलेल्या देशांतही सहज विकता यायची आणि दोन्ही बाजूंची फळी मोकळी राहायची. नव्या गाडीत मधोमध ताटलीएवढा गोल पडदा आहे, तो गोल आहे तो जुना गोल होता म्हणून. फळी गेली. जुन्या गाडीच्या शिवणी बाहेर होत्या, कारण त्यामुळे वेल्डिंग सोपं आणि स्वस्त पडायचं. नव्या गाडीच्या अंगावर त्या जागी एक तिरपी रेघ कोरलेली आहे. चेहरा अगदी मन लावून सांभाळलाय. डोळे तसेच गोल, जाळी तशीच हसरी, मागच्या दिव्यांत युनियन जॅकसुद्धा. आणि अंग दरवेळी वाढत गेलं. २००१ची ३.६३ मीटर होती, जुनीपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त. त्या दिवशीची कंट्रीमन ४.४३ मीटर. आपली अ‍ॅम्बॅसिडर साधारण ४.३ मीटर होती, आणि तीही मूळची इथलीच, मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. म्हणजे आज मिनी नावाची एक गाडी अ‍ॅम्बॅसिडरपेक्षा लांब आहे. हे मी टेपने मोजल्यासारखं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, कारण मला ते खरं वाटेना. नियम बदलले, टकरीच्या चाचण्या आल्या, माणसं वाढली, सगळं समजतं. तरी लहानपणाचं एवढं प्रेम सांगणाऱ्या गाडीने लहान राहण्याची खटपट सोडून द्यावी, याचं वाईट वाटतं.

असंच वाईट मला गिरगावात गेले तेव्हा वाटलं होतं. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. भाऊ अठराव्या मजल्यावर राहतो, आई त्याच्याकडे. टॉवरला चाळीचंच नाव आहे. खाली लॉबीत एका भिंतीवर आमच्या गॅलरीच्या लाकडी कठड्याची नक्षी लावली आहे, पिवळ्या दिव्यांच्या उजेडात. मी तिच्यावरून हात फिरवला तर ते लाकूड नव्हतं. आईला विचारलं, तुला नाही का गं वाटत काही? ती म्हणाली, "पंचावन्न वर्षं मी संडासाला बाहेर रांगेत उभी राहिले. मला विचारू नकोस." मी गप्प झाले. ती बरोबरच होती. रात्री तिच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर प्रशस्त ओट्यावर लोणच्याच्या बरण्या तशाच मांडलेल्या. मी ओट्याखालच्या कपाटांत ठेवून बघितल्या. एकाही कप्प्यात उंच बरणी उभी राहत नाही.

२००० साली शेवटची मिनी बाहेर पडली त्या दिवशी टीव्हीवर सगळं दाखवत होते. आजोबा बघायला आले नाहीत, दिवसभर अंगणात पानं गोळा करत राहिले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं आणि ते गाडीच्या दाराची दोरी बदलत होते. जुनी झिजली होती. नव्या दोरीला गाठ मारून त्यांनी दोनदा ओढून पाहिली. मग मला म्हणाले, "बॅब, तू ओढून बघ. तुझा हात लहान आहे." पुढच्या वर्षी त्यांनी गाडीचे कागद माझ्या नावावर केले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते गेले. ती दोरी अजून तीच आहे.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली, तेव्हा भावाने मला फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'आता नवीन पद्मिनी काढतील बघ.' मी त्याला उत्तर दिलं नाही. आपण ज्याच्यात बसून आजीला केईएमला नेलं, ज्याच्या टपावर गौरी-गणपतीची आरास बांधून आणली, ते परत काढायचं म्हणजे नेमकं काय काय काढायचं, हे मला त्याला सांगता येईना.

त्या मुलाकडे परत येते. त्याचं बोलणं मनात घोळवताना मला एक गोष्ट उशिरा आठवली. तो माझ्या गाडीपाशी आला तेव्हा त्याला टाचा उंच कराव्या लागल्या नव्हत्या. त्याच्या गाडीत त्याला दार उघडून द्यावं लागत असेल, उचलून बसवावं लागत असेल. माझ्या गाडीच्या खिडकीत तो सरळ उभा राहून सरळ आत बघत होता, काचेला नाक लावून, फळीकडे, दाराच्या कप्प्यातल्या माझ्या छत्रीकडे. मी काच सरकवून त्याला ती दोरी ओढायला द्यायला हवी होती.

नात येत्या चैत्रात तीन वर्षांची होईल. पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बसवायला इथे कायद्यानेच मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मागच्या सीटला नीट पट्टे बसवून देणारा एक माणूस मी शोधून काढला आहे. त्याने येऊन मापं घेतली, मी नातीची खुर्ची नेऊन ठेवून दाखवली, बसते. दहा फुटांतल्या सहा फुटांत छान बसते. घरापासून लिकी टेकड्यांपर्यंतच न्यायचंय, रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना. लेकीने अजून हो म्हटलेलं नाही.

काल मी नवा रबरी मोजा आणला.